ऑर्केस्ट्रात शेजारी बसणारा ज्येष्ठ वादक सतत टोचून बोलत असेल तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की जर्मनीतल्या ऑर्केस्ट्रात नुकत्या लागलात, 'प्रोबेयार' चालू आहे, आणि एकाच स्टँडवर, म्हणजे एकाच स्वरलिपीवरून, तुमच्याबरोबर वाजवणारे ज्येष्ठ सहकारी सारखं टोचून बोलतात. गप्प बसावं की बोलावं? मी पुण्याची. ११ वर्षं इथल्या एका शहराच्या ऑर्केस्ट्रात पहिल्या व्हायोलिनमध्ये वाजवते. माझं प्रोबेयार असंच गेलं.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. इथे पडद्यामागून ऑडिशन देऊन निवड झाली तरी नोकरी पक्की होत नाही. प्रोबेयार म्हणजे चाचणीचं वर्ष. ते संपताना सहकारी मत देतात. तुम्हाला टोचणाऱ्या माणसालाही मत आहे, म्हणून तुमची भीती मला खरी वाटते.

माझे शेजारी साठीच्या आसपासचे होते. संगीतकार ब्रुकनरच्या सातव्या सिंफनीची सुरुवात व्हायोलिनच्या अगदी हलक्या आवाजातल्या ट्रेमोलोने होते, म्हणजे एकाच सुरावर बो (गज) झरझर पुढेमागे फिरवायचा. तो वाजवता वाजवताच ते पुटपुटायचे, 'फार मोठं.' कुठला सूर कुठल्या बोटाने वाजवायचा याचे आकडे मी पेन्सिलीने लिहिले की दुसऱ्या दिवशी खोडलेले असायचे. पान उलटणं हे आतल्या बाजूच्या, म्हणजे श्रोत्यांपासून लांब बसणाऱ्या वादकाचं काम, म्हणजे माझं. दरवेळी मला उशीर झाल्यासारखा ते सुस्कारा सोडायचे. घरी येऊन मी रडायचे आणि सरावाला बसायची इच्छाच व्हायची नाही.

शेवटी मी सेक्शनच्या प्रमुखांकडे गेले, पण शेजाऱ्यांबद्दल काहीच बोलले नाही. एवढंच विचारलं, 'ट्रेमोलोत माझा बो किती जातो, बघाल का?' त्यांनी पाहिलं. बाकीचे बोच्या टोकाशी जेमतेम दोन बोटांएवढ्या जागेत वाजवत होते, मी त्याच्या तिप्पट बो वापरत होते. म्हणजे शेजाऱ्यांचं म्हणणं बरोबर होतं, सांगण्याची रीत वाईट होती. आकड्यांचंही तसंच. बाहेर बसणाऱ्याने ओळीच्या वर लिहायचं, आतल्याने खाली, असा इथे रिवाज आहे. मी त्यांच्या जागेत लिहीत होते. खाली लिहायला लागले आणि खोडणं थांबलं. तुमच्या सहकाऱ्याच्या प्रत्येक टोमण्यातून आधी बो, सूर, लय, पान यांतलं काय निघतं ते वेगळं काढा. ते त्याच आठवड्यात सुधारा, आणि बोलायचं तर रिहर्सल संपल्यावर, तेवढ्याच जागेबद्दल बोला. इथे 'डू' आणि 'झी' म्हणजे आपलं 'तू' आणि 'तुम्ही'. त्यांनी स्वतःहून सांगेपर्यंत 'झी' सोडू नका. आपल्याकडे 'काका' म्हटलं की अर्धी अढी सुटते, इथे ती सोय नाही.

सुस्काऱ्यांचं कारण मला खूप उशिरा कळलं. एकदा कॅन्टीनमध्ये ते म्हणाले की डाव्या कानात कित्येक वर्षं शिट्टी वाजते, आणि मोठा आवाज झाला की दुखतं. व्हायोलिन डाव्या कानाखालीच असतं, आणि मीही त्यांच्या डाव्या हाताला बसायचे. युरोपात रोजच्या आवाजाला कानाशी ८७ डेसिबलची कायदेशीर मर्यादा आहे, पण असा त्रास वादक सहसा कुणाला सांगत नाहीत. नोकरी जाण्याची भीती त्यांनाही असते. माझा राग मात्र त्या दिवशी ओसरला.

आता मतदानाबद्दल. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये १९८२ साली क्लॅरिनेटवादक साबिने मायर यांच्या विरोधात ७३ आणि बाजूने ४ मतं पडली. कारण दिलं गेलं की त्यांचा स्वर बाकीच्यांत मिसळत नाही. पहिली स्त्री वादक त्या ऑर्केस्ट्राने त्याच वर्षी घेतली होती. ऑर्केस्ट्राचे प्रमुख संचालक (कंडक्टर) कारायान ठामपणे मायर यांच्या पाठीशी होते, तरी पुढे त्या स्वतःच बाहेर पडल्या. 'मिसळत नाही' या शब्दांखाली काहीही लपवता येतं आणि ऐनवेळी त्याला उत्तर देता येत नाही. म्हणून वर्षाच्या मध्यालाच सेक्शनच्या प्रमुखांकडे बैठक मागा, कुठल्या कृतीत काय खटकतं ते विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. महिनाभर वेगळ्या स्टँडवर बसू द्या असंही सांगा. मला दिलं होतं. इतरांनी मला जवळून ऐकलं आणि त्याचा मतदानात फायदा झाला असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं संगीताशी संबंधित टोचण्याबद्दल झालं. तुमच्या रंगावरून, उच्चारावरून किंवा देशावरून ते काही बोलले असतील तर यातलं काहीही करत बसू नका. तारीख, नेमके शब्द आणि जवळ कोण होतं हे त्याच संध्याकाळी लिहा, आणि वादकांनी निवडून दिलेल्या 'ऑर्केस्टरफोरश्टांड' या मंडळाकडे लगेच जा. मतदान होईपर्यंत थांबू नका.