कॅरव्हॅन परदेशी नेताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गाडी आणि मागे ओढायची कॅरव्हॅन जहाजाने पाठवून सात-आठ देश फिरायचे आहेत. तयारी कुठून सुरू करावी?

उत्तर : नकाशा नंतर, आधी मोजपट्टी काढा. लांबी पुढच्या दांड्यापासून मागच्या सायकल स्टँडपर्यंत घ्या आणि उंची छतावरच्या झरोक्यासकट. चाळीस फुटी हाय-क्यूब (नेहमीपेक्षा उंच) कंटेनरचं दार साधारण 2.34 मीटर रुंद आणि 2.58 मीटर उंच असतं. बहुतेक कॅरव्हॅन तिथेच अडतात. मग उरतं रो-रो जहाज, ज्यात वाहन चाकांवरच आत नेतात. इथे कॅरव्हॅन अनोळखी हातांत जाते, म्हणून आत मौल्यवान काही ठेवू नका. गॅसचे सिलिंडर काढावे लागतात आणि पाण्याच्या टाक्या रिकाम्या कराव्यात. चाकांवरच्या कमानी आणि चासीची खालची बाजू घासून धुवा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बंदरांत चिकटलेली माती किंवा गवताचं बीज दिसलं, तर पुन्हा धुण्याचा खर्च तुमच्याच माथी येतो.

कागदांत सर्वांत जड कागद कार्नेटचा. वाहन तात्पुरतं आणलं आहे, विकायला नाही, याची ही हमी. युरोपीय संघात ते लागत नाही. भारत, पाकिस्तान, इजिप्त मात्र मागतात. कॅरव्हॅनसाठी बहुधा वेगळं कार्नेट काढावं लागतं. चासी क्रमांक पाटीवरून स्वतः वाचून अक्षरन् अक्षर ताडून पाहा. मुदत एक वर्षाची असते आणि जहाजावरचे आठवडेही त्यातच मोडतात, तेव्हा घाईने काढून ठेवू नका.

प्रत्येक पानाचे तीन भाग असतात : प्रवेशाचा, निर्गमनाचा आणि तुमच्याकडे राहणारं अर्धुक. लोक चुकतात ते बाहेर पडताना. रात्री उशिरा सीमेवर पोचल्यावर निर्गमनाचा शिक्का राहून गेला, की त्या देशाच्या लेखी कॅरव्हॅन तिथेच आहे; पुढे आयात शुल्काची मागणी येते आणि कार्नेटसाठी ठेवलेली अनामत अडकते. खिडकीपाशी उभं असतानाच शिक्का आणि तारीख तपासा, मग गाडी हलवा.

प्रश्न : ताशी 90 किमीला कॅरव्हॅन मागे सापासारखी वळवळते. जोडणीत दोष असेल का?

उत्तर : असू शकतो, पण आधी सामान पाहा. लांबच्या सफरीत जादा टायर आणि पाण्याचे कॅन मागच्या कप्प्यात जातात, मागची बाजू जड होते आणि टो बॉलवरचा (गाडीच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यावरचा) भार घटतो. हा भार भरलेल्या कॅरव्हॅनच्या 5 ते 7 टक्के असावा : 1300 किलोला 65 ते 91 किलो. टो बार (तो गोळा धरणारा दांडा) आणि गाडी यांपैकी ज्याची मर्यादा कमी, ती मात्र ओलांडू नका.

मोजायला घरचा वजनकाटा चालतो. कॅरव्हॅन सपाट जागी उभी करून चाकांना अडण्या लावा. काट्यासकट टो बॉलच्या उंचीला येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवून कपलिंग (कॅरव्हॅनचं गोळ्यावर बसणारं तोंड) त्यावर टेकवा आणि पुढचं छोटं चाक वर घ्या. आकडा कमी आला तर जड सामान मधोमध, धुरावर आणि तळाशी हलवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा टाकी मुक्कामी भरलेली बरी.

रस्त्यात वळवळ सुरू झालीच, तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळू उचला आणि स्टिअरिंग सरळ धरा. करकचून ब्रेक मारू नका. वेग वाढवून कॅरव्हॅन ‘ताणून सरळ’ करण्याचा सल्ला अजून फिरत असतो, तो घातक आहे.

प्रश्न : आमचा 230 व्होल्टचा फ्रिज अमेरिकेत चालेल का?

उत्तर : कॅरव्हॅनचा गॅस-विजेवरचा फ्रिज उष्णतेच्या जोरावर गारवा करतो. तिथल्या 120 व्होल्टवर त्याची वीजकांडी जेमतेम पाव क्षमतेने तापते, दिवा लागेल, गारवा मिळणार नाही. पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लावा किंवा फ्रिज गॅसवर चालवा. सिलिंडरची तोंडं देशोदेशी वेगळी असतात, म्हणून अ‍ॅडाप्टर लागेल. रेग्युलेटरचा दाब मात्र उपकरणाच्या पाटीवर लिहिलेलाच हवा. युरोपीय कॅरव्हॅनमध्ये तो बहुधा 30 मिलीबार असतो.