विद्यार्थ्यांना अभ्यासाची गोडी लागावी म्हणून शिक्षकांना उपयोगी पडणारे साहित्य कोठे मिळेल?

आपण सातवी-आठवीला गणित शिकवता, मुले वर्गात शांत बसतात पण मन लावत नाहीत, आणि त्यांना प्रेरित करण्यासाठी शिक्षकांना मराठीत काय वाचता येईल, असे आपण विचारले आहे. मी साताऱ्याजवळच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत १९ वर्षे गणित आणि विज्ञान शिकवतो आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

पहिली विनंती अशी की 'प्रेरणा' या शब्दाने साहित्य शोधू नये. तसे शोधले की सुविचार, थोरांच्या गोष्टी आणि व्याख्यानांचे व्हिडिओ हाती लागतात. सुरुवातीची काही वर्षे मीही ते जमवून परिपाठात वापरले. मुले मनापासून ऐकत, परंतु त्याचा परिणाम दुसऱ्या तासापर्यंतही टिकत नसे. पुढच्या आठवड्यात जो धडा शिकवायचा आहे, त्या धड्यात मुलांच्या हातांना आणि डोक्याला काय काम देता येईल, हे सांगणारे साहित्य मात्र खरोखर कामी आले.

त्यात मी खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ सर्वांत वर ठेवतो. टाकाऊ वस्तूंपासून करायची शेकडो खेळणी तेथे आहेत आणि मराठी पुस्तकेही विनामूल्य उतरवून घेता येतात. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब (बारीक रबरी नळी) यांपासून आकृत्या जोडण्याची त्यांची जुनी कृती मी आठवीत केली. नळीच्या छोट्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खोचायच्या आणि तिसरी काडी बसवायची असेल तेथे बाभळीच्या काट्याने भोक पाडायचे, एवढेच तंत्र आहे. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन मात्र लगेच कलतो, हे मुलांना हाताने कळले. एरवी घंटेकडे कान लावून बसणारा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा खराट्याची काडी कापून चौकोनाला कर्ण लावून बसला आणि "सर, पंचकोनाला किती लागतील?" असे त्याने विचारले. मी उत्तर दिले नाही. पंचकोनाला दोन, षटकोनाला तीन, असे करत बाजूंच्या संख्येतून तीन वजा करायचे, हे त्याने मधल्या सुट्टीत शोधून काढले. त्या मुलाला मी तोवर वर्षभर 'आळशी' समजत होतो, याचे मला आजही वाईट वाटते.

बक्षिसे आणि स्टार यांबाबत जपून राहावे, असे मी सांगेन. अमेरिकेत १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांपैकी काहींना 'चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल' असे आधी सांगितले होते. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढू लागली. ज्यांना तेच प्रमाणपत्र अचानक मिळाले, त्यांची आवड मात्र घटली नाही. म्हणून शाबासकी अवश्य द्यावी, पण तिचे आमिष दाखवू नये.

आणखी एक गोष्ट आपण सर्वांत आधी तपासून पाहावी. मूल लक्ष देत नाही असे वाटते, तेव्हा पुष्कळदा त्याला शाब्दिक उदाहरण नीट वाचताच येत नसते. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाची वाचन चाचणी मराठीत उपलब्ध असून अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनी एका मुलासाठी काही मिनिटांत घेता येते. वर्गासमोर मात्र ती कधीही घेऊ नये. मूल एकटे असताना, बाकावर शेजारी बसून घ्यावी. जी मुले परिच्छेदावर अडखळतील, त्यांच्या हाती बालभारतीचे 'किशोर' मासिक द्यावे. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर वाचता येतात, आणि पाठ्यपुस्तक पाहताच मान खाली घालणारी मुले त्यातील गोष्ट आणि कोडी आपणहून उघडतात.

शिक्षकाने स्वतः वाचण्यासाठी पुण्याहून निघणारी 'शैक्षणिक संदर्भ' आणि 'पालकनीती' ही नियतकालिके मला फार मोलाची वाटतात. 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवरील व्हिडिओ पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून सहज सापडतात, मात्र ते आधी स्वतः पूर्ण पाहून, त्यातील दोन-तीन मिनिटांचा उपयुक्त भागच वर्गात दाखवावा.

हे सगळे एकदम हाती घेऊ नये. चौकोनाचा धडा जवळ आला असेल तर तेथूनच सुरुवात करावी. व्हॉल्व्ह ट्यूब सायकलच्या कोणत्याही दुकानात मिळते. चार-चार मुलांचे गट करावेत, आगकाड्यांची गुले आदल्या दिवशी आपणच काढून ठेवावीत आणि पहिला प्रश्न मुलांकडून येईपर्यंत फळ्यावर काहीही लिहू नये.