वस्तीतल्या बायकांच्या जुनाट कंबर-गुडघेदुखीसाठी गट चालवायचाय, सुरुवात कुठून करू? (मानखुर्द, मुंबई)

तुम्ही लिहिलंय की मंडळाची खोली आहे, एक फिजिओथेरपिस्ट आठवड्याला दोन तास द्यायला तयार आहे, योग शिकवणारी ताई मिळाली आहे, बायका बहुतेक घरकाम करणाऱ्या आहेत आणि पैसे नाहीत. माझ्या मते यात पैशांची अडचण सगळ्यात लहान. असे गट मोडतात ते चुकीच्या वेळेमुळे आणि पहिल्या दोन आठवड्यांतल्या घाईमुळे.

आधी चाळणी करा. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं म्हणजे जुनाट, पण गटात येणाऱ्या प्रत्येकीला एकदा डॉक्टरने हात लावून तपासलेलं हवंच. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांमधला भाग बधिर झाला, पायातला जोर कमी होत चालला, तर त्याच दिवशी सायनला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात पाठवा. संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन आणि झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल, तर मणक्याचा टीबी नाही हे कळेपर्यंत एकही व्यायाम नको. मुंबईत ही शंका कायम डोक्यात ठेवावी लागते. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ सांधे आखडत असतील किंवा बोटं सुजत असतील, तर संधिवाताची तपासणी आधी.

पहिल्या दिवशी प्रत्येकीला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगा. डायक्लोफिनॅक ही एकच दुखण्यावरची गोळी दोन दुकानांतून दोन नावांनी चाललेली सापडते, वर बीपीची गोळी असते आणि मूत्रपिंडाची तपासणी कधी झालेली नसते. बिनानावाच्या पुडीने ‘दोन दिवसांत उतार’ पडत असेल, तर त्यात स्टिरॉइड असू शकतं. चेहरा सुजतो, साखर वाढते. ती पुडी गटात एकदम बंद करायला लावू नका. अचानक थांबवणं धोक्याचं असतं, म्हणून पुडीसकट डॉक्टरकडे पाठवा. आयुर्वेदिक उपचार हवे असतील तर वरळीचं पोदार रुग्णालय आहे.

गट आठ ते बाराजणींचा, आठवड्यातून एकदा दीड तास, आठ आठवडे. वेळ दुपारी अडीच ते चार, म्हणजे सकाळची कामं आटोपलेली आणि संध्याकाळची सुरू व्हायची. पाणी येण्याची वेळ गल्लीगल्लीत वेगळी असते, ती आधी विचारून घ्या. जवळ संडास नसेल तर बायका पाणी न पिता येतात आणि लवकर निघून जातात. सासू-सून एकाच गटात घेऊ नका, दोघीही गप्प बसतात.

पहिली वीस मिनिटं बोलणं. इथे ‘शून्य ते दहा’ विचारलं की बऱ्याचजणी गडबडतात. ‘सोळा आण्यांपैकी किती?’ विचारा, उत्तर लगेच येतं. तीन गोष्टी विचारून वहीत लिहा: आठवडाभर सरासरी किती दुखलं, त्यामुळे जगण्यातली मजा किती गेली, कामं किती अडली. बारा आण्यांचं आठ आण्यांवर आलं म्हणजे तिसरा हिस्सा कमी झाला. जुनाट दुखण्यात हा जाणवण्याजोगा फरक धरतात. सोळा आणे जाण्याचं आश्वासन कुणालाही देऊ नका.

‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ अशी वाक्यं बायका एक्स-रेसोबत घेऊन येतात आणि हलायला घाबरतात. पन्नाशीनंतर असे बदल काही न दुखणाऱ्यांच्याही एक्स-रेत दिसतात. दुखणं लांबलं की नसा आणि मेंदू जास्त हळवे होतात. तेव्हा दुखणं खरंच असतं, पण प्रत्येक कळ म्हणजे काही मोडतंय असं नाही. हे दर आठवड्याला नव्याने सांगावं लागतं.

मग अर्धा तास हालचाल. प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवूनच ठेवा, लादीवर ती मागे सरकते. अनवाणी, पाय घट्ट रोवून पाच वेळा उठ-बस. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबायची, दहा वेळा. दुखणं थोडं वाढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वेळी निम्मं करा. नंतर दहा मिनिटं श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, रोखून धरायचा नाही. डोळे मिटायची सक्ती नको, काहीजणींना त्यानेच भीती वाटते. गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं चालेल, पण मधुमेहाने पाय बधिर झालेल्या बाईला ती देऊ नका, भाजलेलं कळत नाही.

खरं काम शेवटच्या अर्ध्या तासात होतं. बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं उपसायची आणि पुढचे तीन दिवस आडवं पडायचं, हे चक्र तोडायचंय. समजा लादी पुसणं वाईट दिवशी वीस मिनिटं जमतं, चांगल्या दिवशी चाळीस. सरासरी तीस, त्यातून पाचवा हिस्सा वजा करून चोवीस. रोज तेवढंच, दुखत असो वा नसो. पण ‘विश्रांती घ्या’ म्हणणं तिला परवडत नाही, पगार कापला जातो. म्हणून कामं फिरवायची: दहा मिनिटं लादी, मग उभ्याने भांडी, पुन्हा लादी. पंधरा लिटरचा हंडा एका कमरेवर घेण्याऐवजी सात-सात लिटरचे दोन डबे दोन हातांत. मॅडमकडे दांड्याचा पोछा कसा मागायचा, ते दोघी-दोघींनी गटातच बोलून पाहावं. हा सराव मला कुठल्याही आसनाइतका महत्त्वाचा वाटतो.

बोलता बोलता घरातली मारहाण बाहेर येईल. इथलं इथेच राहील असं पहिल्या दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घ्या, आणि पालिकेच्या रुग्णालयांत चालणाऱ्या ‘दिलासा’ केंद्रांपैकी जवळचं कुठलं ते आधी शोधून ठेवा. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक द्या, शिवाय कुणीतरी सोबत जाऊन डॉक्टरकडे न्या.

गणपतीत आणि परीक्षांच्या दिवसांत नवा गट सुरू करू नका. आठ आठवड्यांनंतर महिन्यातून एकदा भेटा, आणि सहाव्या आठवड्यापासूनच दोघीजणींना श्वास आणि उठ-बस घ्यायला लावा, म्हणजे फिजिओ नसेल त्या दिवशीही खोली बंद राहणार नाही.