बीबीसीच्या ‘शेरलॉक’ मालिकेत गुप्तहेर शेरलॉक छतावरून पडूनही कसा वाचला हे कळल्यावर चाहते नाराज का झाले?
कारण एकाच्या जागी तीन उत्तरं मिळाली. १५ जानेवारी २०१२ च्या भागात शेरलॉकने लंडनच्या बार्ट्स हॉस्पिटलच्या गच्चीवरून उडी मारली. पुढचा भाग आला थेट १ जानेवारी २०१४ ला. मधल्या काळात लोकांनी तो प्रसंग थांबवून थांबवून पाहिला, तर्क लढवले. नव्या भागात तसलेच तर्क पडद्यावर! काहींना ती आपली दखल वाटली, काहींना थट्टा. खाली हवेची गादी, नाडी लागू नये म्हणून काखेत चेंडू, हा शेरलॉकचा खुलासा ऐकून मालिकेत असेच तर्क लढवणारा अँडरसनही हिरमुसतो.

मला मात्र तो भाग शेरलॉकचा मित्र जॉन वॉटसन याच्या रागासाठी फार आवडतो. जिवलग मित्राने मेल्याचं सोंग केलं, तर कसं केलं हे कोण विचारेल? का केलं, हेच जॉन विचारतो.