न वाचलेल्या पुस्तकांची वही

धरमपेठ, नागपूर

प्रिय बेटा,
सप्रेम आशीर्वाद.

पाली-प्राकृत विभागात एम.ए.ला प्रवेश मिळाला हे वाचून फार आनंद झाला. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवरून पिशवीभर पुस्तकं आणलीस, वाचायला लागलीस, मोबाइलमध्ये पानांचे फोटोही भरपूर साठले, पण लिहायला बसलं की हवं ते सापडत नाही, असं तू लिहिलंस. म्हणून आज एका माणसाच्या वहीबद्दल सांगतो. त्याचा धर्म तुझा नाही आणि माझाही नाही, पण वाचणाऱ्याने ती वही समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

जोनाथन एडवर्ड्स (1703–1758) हा न्यू इंग्लंडमधला, म्हणजे आजच्या अमेरिकेच्या ईशान्य भागातला, ख्रिस्ती पाद्री आणि मोठा धर्मचिंतक. त्याची बरीच हस्तलिखितं आज येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहेत. त्यातल्या एका वहीला अभ्यासक ‘कॅटलॉग’ म्हणतात. विशीच्या आसपास असताना त्याने ती सुरू केली आणि शेवटपर्यंत चालवली. तिच्यात 700हून अधिक नोंदी आहेत, आणि त्यातली कितीतरी पुस्तकं त्याने तोवर वाचलेली नव्हती. जाहिरातीत नाव दिसलं, कुणी शिफारस केली, दुसऱ्या ग्रंथात उल्लेख आला, की तो लिहून ठेवायचा. पुष्कळदा नाव कुठून कळलं तेही लिहायचा. लहानशा गावात राहणारा माणूस, पुस्तकं यायची बॉस्टनहून, नाहीतर थेट लंडनहून जहाजाने. हाती काय लागेल याचा भरवसा नाही, पण काय शोधायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

तूही वहीची मागची पानं यासाठीच ठेव. नुसतं पुस्तकाचं नाव लिहू नकोस, ते कुणाच्या तोंडून किंवा कुठल्या तळटीपेतून कळलं तेही लिही. सहा महिन्यांनी सीताबर्डीला जुन्या पुस्तकांत ते समोर आलं, तर आपल्याला ते का हवं होतं हे त्या एका ओळीवरून आठवेल. त्याच मागच्या पानांवर, कुणाला कुठलं पुस्तक वाचायला दिलं तेही टिपत जा. एडवर्ड्स त्यासाठीही वही ठेवायचा.

त्याचं खरं काम मात्र दुसऱ्या वह्यांत आहे. कागद महाग, म्हणून मिळेल तो तुकडा वापरायचा. घरातल्या बायका हातपंखे करत, त्यातून उरलेल्या कागदाच्याही वह्या तो शिवून घ्यायचा. त्यांत मनात आलेला विचार लिहायचा आणि प्रत्येक विचाराला खूण द्यायचा. आधी a ते z, मग aa ते zz, अक्षरं संपल्यावर आकडे, आणि ते आकडे 1,360पर्यंत गेले. शिवाय विषयवार सूची वेगळी. त्यामुळे तिशीत लिहिलेला विचार पन्नाशीत हुडकून काढता यायचा, आणि नव्या नोंदीत ‘अमुक क्रमांक पाहा’ एवढं लिहिलं की काम भागायचं. तुझे फोटो तुला सापडत नाहीत, कारण त्यांच्यावर ना क्रमांक आहे, ना तुझं स्वतःचं एखादं वाक्य. आजपासून प्रत्येक टिपणाला क्रमांक दे, आणि लेखक काय म्हणतो त्याच्याखाली तुला काय वाटलं ते लिही. पटलं नसेल तर तसं स्पष्ट लिही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. 1730 साली त्याला एक वेगळंच बायबल मिळालं. छापील बायबल उसवून त्याच्या पानांमध्ये मोठे कोरे कागद घालून पुन्हा बांधलेलं. त्या कोऱ्या पानांवर त्याने 5,000हून अधिक टिपणं लिहिली. तू धम्मपदाची, म्हणजे बुद्धवचनांच्या पाली गाथासंग्रहाची, एक साधी प्रत घे आणि महालातल्या एखाद्या बाइंडरकडून अशीच बांधून घे. 423 गाथा आहेत, घाई करू नकोस. पाचवी गाथा, ‘न हि वेरेन वेरानि’ (वैराने वैर शमत नाही), तिच्या समोरच्या कोऱ्या पानावर लिही की हीच गाथा मज्झिमनिकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहात, उपक्किलेस सुत्तातही येते. तिथला प्रसंग वाच, भिक्खूंचं भांडण काय होतं ते बघ, मग गाथेकडे परत ये. अडलेला शब्दही तिथेच टिप. बाबासाहेबांनी पालीचा शब्दकोश तयार केला होता. शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात तो आहे. एवढ्या कामाच्या रगाड्यात ते शब्दांपाशी थांबले, मग आपणही थांबायला हवं.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवायची नाही. हाच एडवर्ड्स माणसं विकत घेत होता. 1731 मध्ये न्यूपोर्टला त्याने व्हीनस नावाची आफ्रिकी मुलगी खरेदी केली. दहाएक वर्षांनी एका पाद्र्याला गुलाम बाळगण्यावरून लोकांनी धारेवर धरलं, तेव्हा याने त्या पाद्र्याच्या बचावासाठी मुद्दे लिहून काढले. आफ्रिकेतून नव्याने माणसं आणण्याला त्याचा विरोध होता, पण घरातली गुलामी त्याला खटकली नाही. इतकी वाचनाची भूक, इतका काटेकोरपणा, आणि घरात राबणाऱ्या बाईच्या बाजूने एक प्रश्न नाही! पुढे 1791 मध्ये त्याच्याच मुलाने गुलामगिरीविरुद्ध प्रवचन दिलं. म्हणजे त्याच घरात, तोच ग्रंथ वाचून, वेगळं दिसू शकत होतं.

हे मला फार लागतं. म्हणून तुला सांगतो, प्रत्येक पुस्तकाच्या टिपणाखाली एक प्रश्न लिहीत जा: यात कोण बोलत नाही? थेरगाथा, म्हणजे भिक्खूंच्या गाथा, वाचलीस की थेरीगाथा, म्हणजे भिक्खुणींच्या गाथा, लगेच शेजारी घे. भाष्य वाचलंस तर ज्यांच्याबद्दल ते लिहिलंय त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलंय का ते शोध, आणि मिळालं नाही तर ते नाव मागच्या पानांवर टाक. तुझ्या आजीला विहारात ऐकलेल्या गाथा पाठ आहेत असं तू मागे म्हणाली होतीस. त्या तिच्याकडून, ती म्हणते तशाच, उतरवून घे. खाली तारीख घाल आणि त्यांनाही क्रमांक दे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी ये, वही घेऊन ये. अक्षर कसंही असू दे, मी आधी सूची बघणार आहे. बाइंडरने पैसे जास्त मागितले तर मला कळव, माझ्या ओळखीचा एक आहे.

तुझा,
सर