उशीवरून मान उचलता येते का?

प्रिय बेटा,

परवा नाइट ड्युटी संपवून जाताना तू विचारलंस, "मॅडम, एमडीनंतर सुपरस्पेशालिटी कशात करू?" उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

तुझ्या मनात कार्डिऑलॉजी आहे. घरच्यांना तू नागपूरच्या पलीकडे जायला नको आहेस, आणि बॅचमधली मुलं कटऑफवरून विषय ठरवताहेत. प्रत्येकाचं आपापल्या जागी खरं आहे. मी तुला एवढंच विचारते, की एमडीच्या या तीन वर्षांत कोणत्या पेशंटच्या उशाशी तुझे हात अपुरे पडले?

माझ्यापुरतं उत्तर 1996 सालातलं आहे. एमडी होऊन मी एका लहान रुग्णालयात लागले होते. कपाशीच्या फवारणीचा हंगाम होता. एकोणीस वर्षांचा मुलगा आला, ऑर्गॅनोफॉस्फेट हे कीटकनाशक अंगात गेलेलं. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. रात्रभर त्यावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन, देत बसले. छाती मोकळी झाली, नाडी वर आली, घाम थांबला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई म्हणाली, "मॅडम, पोरगं चहा मागून राह्यलं." मी खुशीत त्याला साध्या वॉर्डात हलवायची सही केली.

संध्याकाळी सिस्टरनं पाणी पाजायला त्याला उठवून बसवलं, तर त्याची मान मागे लुढकली. मान टाकणं हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. तो कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. मुलगा पूर्ण शुद्धीत होता, माझ्याकडे बघत होता, आणि त्याला उशीवरून डोकं चार बोटंसुद्धा उचलता येत नव्हतं. मी परत अ‍ॅट्रोपिन वाढवलं, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. रात्री श्वास उथळ झाला. श्वासनलिकेत नळी घातली, अ‍ॅम्ब्यु, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत गाडीत निघालो. व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी पोचायच्या आधीच तो गेला.

विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत, पहिली लक्षणं ओसरल्यावर, मानेचे, खांद्या-मांड्यांचे आणि श्वासाचे स्नायू दगा देतात. याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्येच ते नाव देऊन सविस्तर लिहिलं होतं. त्यावर अ‍ॅट्रोपिन चालत नाही. काही दिवस, कधी दोनतीन आठवडे, यंत्रानं श्वास चालवावा लागतो आणि मग बरेच जण आपल्या पायांनी घरी जातात. त्या मुलाला तेवढे दिवस मिळाले असते, जर सकाळी सही करण्याआधी मी त्याला "बाळा, मान उचल" एवढं म्हटलं असतं.

त्यानंतर मी मुंबईला क्रिटिकल केअर, म्हणजे आयसीयूतल्या पेशंटवरचे उपचार, शिकायला गेले. त्या काळी आपल्याकडे या विषयात डीएम ही सुपरस्पेशालिटीची पदवी नव्हती, वरिष्ठांच्या हाताखाली राहून शिकायचं. आता तुमच्यासाठी रस्ते आहेत. नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं डीएम किंवा त्याच तोडीचं डीआरएनबी, नाहीतर विद्यापीठाची फेलोशिप किंवा आयएससीसीएम या क्रिटिकल केअरवाल्यांच्या संघटनेचा डिप्लोमा, जे कमी मुदतीचे आहेत. सुपरस्पेशालिटी विभागात शिकवायचं असेल तर डीएम-डीआरएनबीच लागतं, हे आधीच लक्षात ठेव. वर्षभराच्या फेलोशिपनं हात तयार होतो, पण ते पद मिळत नाही. पुष्कळ मुलांना हे उशिरा कळतं आणि मग ती फार कष्टी होतात.

जागा निवडताना इमारत आणि विभागप्रमुखांचं नाव बघून भुलू नकोस. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या फेलोला गाठ, कँटीनमध्ये बसव आणि विचार: रात्री दोन वाजता नळी कोण घालतं? तू, की कन्सल्टंट येईपर्यंत सगळे थांबता? एका सिस्टरकडे किती बेड? मृत्यूच्या मीटिंगमध्ये खरं बोललं जातं का, की फाईल वाचून उठतात? शेवटच्या प्रश्नाला तो घुटमळला तर त्या जागेचा पुन्हा विचार कर. आपलं चुकलं कुठे हे जिथे मोकळेपणानं बोलता येत नाही, तिथे तीन वर्षं राहूनही माणूस फक्त यंत्रांची बटणं शिकून येतो.

आणखी एक सांगते. मोठ्या शहरातल्या आयसीयूत तुला ट्रान्सप्लांट, बायपास, कॅन्सरचे पेशंट दिसतील. आपला मण्यार चावलेला माणूस क्वचितच दिसेल. तो इथेच येतो, जुलै-ऑगस्टमध्ये. जमिनीवर झोपलेला असतो, चावलेलं कळत नाही, व्रण सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, थुंकी गिळवत नाही, पापण्या मिटायला लागतात. नागाच्या विषावर निओस्टिग्मिनचं इंजेक्शन अनेकदा उपयोगी पडतं, मण्यारीत त्याचा भरवसा नाही, आणि लकवा पूर्ण बसल्यावर अँटीव्हेनमनंही तो लगेच हटत नाही. श्वास चालवायचा आणि थांबायचं. अशा पेशंटच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात, टॉर्च मारली तरी हलत नाहीत, हातापायात काही हालचाल नाही. बघणाऱ्याला वाटतं मेंदू गेला. आत मात्र तो जागा असू शकतो, खाटेजवळचं सगळं ऐकत असू शकतो. म्हणून माझ्या युनिटमध्ये त्याच्या उशाशी "आता काही राहिलं नाही" असं कोणी बोललेलं मी खपवून घेत नाही, आणि जेवायची वेळ झाली की त्याला तसं सांगायला लावते.

मग बाहेर जाऊन शिकायचं काय? व्हेंटिलेटरवरून माणूस कधी आणि कसा सोडवायचा. घोणस चावून लघवी बंद झालेल्याचं डायलिसिस खाटेशीच कसं चालवायचं. सोनोग्राफीचा प्रोब हातात घेऊन हृदय आणि फुप्फुस स्वतः बघायचं, रिपोर्टची वाट न बघता. आणि नातेवाइकांशी बसून बोलायचं, उभं राहून नाही. हे सगळं तिथे कोणाकडून तरी नीट शिकून घे. तिथल्या आजारांच्या यादीवर फार जाऊ नकोस.

परत आल्यावर मी पहिले दोन महिने यंत्रांसाठी अर्ज करण्यात घालवले. रक्तातला ऑक्सिजन-आम्लता मोजणारं एबीजी मशीन हवं, मॉनिटर हवेत. यंत्रं यथावकाश आली, त्यांचा उपयोगही झाला. पण सगळ्यात आधी जे बदललं ते एका वहीमुळे. वॉर्डातल्या सिस्टरना मी सांगितलं, फवारणीच्या प्रत्येक पेशंटला दर चार तासांनी उशीवरून मान उचलायला लावा, वहीत वेळ टाका, आणि मान उचलली नाही तर रेसिडेन्टला न विचारता थेट मला बोलवा. एका सिस्टरनं पहाटे चारला बोलावलं. गडी गप्पा मारत होता, ऑक्सिजन नव्वदच्या वर होता, फक्त डोकं उचलत नव्हता. दिवस उजाडायच्या आत त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं. सोळाव्या दिवशी तो बायकोबरोबर एसटीनं घरी गेला. 2017 साली यवतमाळकडे फवारणीत विषबाधा होऊन माणसं दगावली, त्या बातम्या मी रोज वाचत होते आणि दर वेळी मनात येत होतं, या प्रत्येकाची मान कोणी बघितली असेल का?

तू क्रिटिकल केअरच घ्यावं असा माझा हट्ट नाही. तुझ्या हातून निसटलेले पेशंट सिकलसेलचे असतील, छाती भरून आलेली पोरं असतील, तर हिमॅटॉलॉजीकडे, रक्ताच्या आजारांकडे, जा. विदर्भाला तिची फार गरज आहे. हार्ट अटॅकचा पेशंट गोल्डन अवर, उपचाराचा तो पहिला मोलाचा तास, गाडीतच संपवून येतो हे तुला सलत असेल, तर कार्डिऑलॉजी कर, आणि मी मनापासून खूश होईन. पण आधी एक वही कर. नाव नको, बेड नंबर आणि तारीख पुरे. काय झालं, तू काय केलंस, काय येत नव्हतं. तीस-चाळीस नोंदी झाल्या की स्वतः वाच.

बाबांशी मी बोलेन, तुझी हरकत नसेल तर. शेत विकायची गोष्ट त्यांनी माझ्याजवळ काढली होती. सरकारी जागेवर स्टायपेंड मिळतो, शेताला हात लावायची पाळी येऊ नये. शिकून झाल्यावर सरकारी सेवा करायच्या बाँडच्या अटी मात्र दोघी बसून ओळ न ओळ वाचू.

शिफारसपत्र लिहून ठेवलंय, विषयाची जागा कोरी आहे. गुरुवारी राउंडनंतर वही घेऊन ये. आणि आज सात नंबरच्या, फवारणीच्या काकांचा तिसरा दिवस आहे. रात्री आठ आणि बाराला त्यांची मान तू स्वतः बघ, बेटा.

तुझी,
मॅडम