‘मजबूत’ मूळचा कुठला? ‘मजबूर’ त्याचाच भाऊ का?

तुम्ही विचारलंय, मजबूत हा शब्द हिंदीतून आलाय का, मराठी लिहिताना तो टाळावा का, आणि मजबूर त्याच्याच नात्यातला का. मी बडोद्याचा. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि हा शब्द दोन्हीकडे रोजचा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मजबूत मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठी, गुजराती, हिंदी अशा सगळ्यांकडे पोचला. त्यामुळे तो हिंदीकडून उसना घेतला असं मानायचं कारण नाही. मूळ धातूचा अर्थ घट्ट धरणं, ताब्यात ठेवणं, नियमात बसवणं. मजबूत म्हणजे असं नीट धरून ठेवलेलं.

त्याच धातूची बाकीची मंडळी पाहिली की हे पटतं. जप्त आणि जप्ती तिथलेच: मालमत्ता धरली, ताब्यात घेतली. ब हा त ला येऊन भिडला म्हणून त्याचा प झाला; मजबूतमध्ये दोघांच्या मधे ऊ आहे, म्हणून ब टिकला. जुन्या मोडी कागदांत नियम किंवा यादी या अर्थाने येणारा जाबता हाही त्यातलाच. आजच्या अरबीत लष्करी अधिकाऱ्याला ‘ज़ाबित’ म्हणतात. इराणात टेपरेकॉर्डर म्हणजे ‘ज़ब्त’, कारण तो आवाज धरून ठेवतो. आणि कैरोत ‘मजबूत’ कॉफी मागितली तर कडक कॉफी मिळत नाही, बेताची साखर घातलेली मिळते! तिथे शब्दाचा रोख ‘जसं हवं तसं, अगदी बरोबर’ याकडे वळला. आपल्याकडे तो ताकदीकडे वळला.

पण धरून ठेवण्याची ती मूळ छटा मराठीतही पुसली गेलेली नाही, असं माझं ठाम मत आहे. दगड टणक असतो, सुपारी टणक असते. गाठ, कडी, पाया, तटबंदी मात्र मजबूत. टणक वस्तू जात्याच तशी असते, मजबूत वस्तू कुणीतरी बांधलेली, आवळलेली, जोडलेली असते. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी आमच्याकडे पतंगाचा दोरा विकणारे हातभर दोरा दोन्ही मुठींत ताणून दाखवतात आणि म्हणतात, ‘मजबूत छे!’ तिथे टणक म्हणून चालणारच नाही. ‘मजबूत चोप दिला’, ‘मजबूत पैसे मोजले’ यातला भरपूर हा अर्थ पुढचा, बोलण्यातून वाढलेला.

टाळायचं म्हणाल तर बळकट आहेच, बळावरून आलेला सुंदर शब्द, पण त्यात हा धरण्याचा भाव नाही. बडोद्यातच जन्मलेल्या माधव जूलियनांनी 1925 साली फार्सी-मराठी कोश काढला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल मला नितांत आदर आहे. तरी मजबूत मी सोडणार नाही, आणि तुम्हीही सोडू नये असं मनापासून वाटतं.

राहिला मजबूर. तो भाऊ नव्हे. साचा तेवढा एक, धातू वेगळा: ‘जब्र’, म्हणजे बळजोरी. ज्याच्यावर बळजोरी झाली तो मजबूर. आपला जबरी त्याच्या नात्यातला. जबरदस्ती मात्र नव्हे; तो फारसी ‘ज़बरदस्त’वरून आला, म्हणजे ज्याचा हात वर तो.